व्हर्सायची बाग पायी पाहताना: चालण्याचा क्रम, वेळा आणि नेहमी होणाऱ्या चुका

पॅरिसजवळच्या व्हर्सायहून परतलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. बाग संपतच नाही, पाय गेले, कारंजी बंद होती, त्रियानों (बागेपलीकडचे दोन छोटे राजवाडे) राहूनच गेलं. या चारही तक्रारींचं मूळ एकच. राजवाडा पाहून झाल्यावर लोक मागच्या टेरेसवर येतात, समोर सरळ रेषेत कालवा दिसतो आणि त्या रेषेनेच खाली चालत सुटतात. दोन्ही बाजूंची कुंजं मागे राहतात. कालव्याशी पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं आणि मग त्याच रस्त्याने चढ चढून परत यायचं असतं.

खाली दिलेला मार्ग याच्या उलट बेताने आखला आहे. उतरताना कुंजं पाहायची, दुपारी त्रियानोंत जायचं आणि राजवाड्याकडे न परतता उत्तरेकडून शहरात बाहेर पडायचं. बागेतलं चालणं साधारण ७ किलोमीटर होतं. स्टेशनपासून जाणं-येणं धरून ९ च्या आसपास. रस्ते रुंद आहेत, चढ सौम्य आहेत, त्यामुळे चालायची सवय नसलेल्यालाही हे जमतं. फक्त सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी पाचपर्यंतचा वेळ मोकळा हवा. हे वेळापत्रक एप्रिल ते ऑक्टोबर या मोसमाचं आहे. हिवाळ्यात बाग संध्याकाळी सहालाच बंद होते आणि बरीच कुंजं कुलूपबंद असतात.

आधी हे समजून घ्या: एका आवारात तीन जागा

निम्मे घोटाळे इथेच होतात. राजवाड्यामागचा सगळा हिरवा भाग लोक ‘बाग’ समजतात. प्रत्यक्षात संपूर्ण आवार ८०० हेक्टरच्या घरात आहे आणि त्यात वेगवेगळ्या नियमांच्या तीन जागा आहेत.

पहिली जागा म्हणजे उद्यान. राजवाड्याच्या टेरेसपासून अपोलोच्या कारंजापर्यंतचा आखीव भाग तो हा. उद्यान रोज उघडं असतं, सोमवारीसुद्धा. एरवी प्रवेश फुकट, पण कारंजांच्या आणि संगीताच्या दिवशी तिकीट लागतं.

दुसरी जागा त्रियानोंची. दोन छोटे राजवाडे, त्यांच्या बागा आणि राणी मारी आंत्वानेतचं खेडं. इथे वेगळं तिकीट लागतं, दार दुपारी १२ ला उघडतं आणि सोमवारी सुट्टी असते.

तिसरी जागा म्हणजे पार्क, यात मोठा कालवा आणि भोवतालची झाडी येते. पार्क पायी जाणाऱ्यांना फुकट आहे आणि तिथे सायकलीही चालतात.

उद्यानातून पार्कमध्ये आणि पार्कमधून त्रियानोंत जाताना दरवाजे ओलांडावे लागतात. म्हणून तिकीट दिवसभर हाताशी ठेवा. पहिल्या दारातून आत आल्यावर ते फेकून देणारे कमी नाहीत.

तयारी १: दिवस निवडणं

सोमवार बाद. राजवाडा आणि त्रियानों दोन्ही बंद असतात. फक्त उद्यानात फिरायचं असेल तर मात्र सोमवार शांत जातो.

मंगळवारी गर्दी वाढते. त्या दिवशी पॅरिसमधलं लूव्र बंद असतं आणि सोमवारी बंद असलेलं व्हर्साय उघडतं, त्यामुळे पर्यटकांचा लोंढा इकडे वळतो.

यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न कारंजांचा आहे. उन्हाळी मोसमात दोन प्रकारचे तिकिटाचे दिवस असतात आणि त्यांची नावं ऐकायला सारखीच वाटतात. ‘ग्रांद्ज ओ म्युझिकाल’ या दिवशी संगीताबरोबर मोठी कारंजी सुटतात. हे मुख्यतः शनिवार-रविवारी असतं, शिवाय काही निवडक वारी. ‘जार्दँ म्युझिको’ या दिवशी कुंजं उघडी असतात आणि बागेत संगीत वाजतं, पण मोठ्या कारंजांचा कार्यक्रम नसतो. दुसऱ्या प्रकारचं तिकीट काढून नेपच्यूनच्या कोरड्या कारंजासमोर उभे राहिलेले लोक दर आठवड्याला दिसतात. तिकीट काढताना ‘ओ’ म्हणजे पाणी आणि ‘जार्दँ’ म्हणजे बाग एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पाण्याच्या दिवशीही कारंजी दिवसभर चालत नाहीत. पाणी उंचावरच्या हौदांतून स्वतःच्या भाराने येतं आणि हौद भरायला वेळ लागतो. म्हणून सकाळी एक फेरी आणि दुपारी एक फेरी असते, मधे सगळं शांत. त्या दिवसाचं वेळापत्रक राजवाड्याच्या संकेतस्थळावर मिळतं. कोणतं कारंजं किती वाजता सुटणार तो तक्ता आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून घ्या.

सावधान: जोराचा वारा सुटला तर उद्यान बंद करतात. डिसेंबर १९९९ च्या वादळात इथली हजारो झाडं उन्मळून पडली होती, तेव्हा ही खबरदारी उगाच नाही. सकाळी निघण्याआधी संकेतस्थळावर एक नजर टाका.

तयारी २: तिकीट

फक्त राजवाड्याचं तिकीट काढू नका. त्यात त्रियानों येत नाही आणि कारंजांच्या दिवशी उद्यानही येत नाही. तिन्ही पाहायचं असेल तर ‘पासपोर्ट’ नावाचं एकत्र तिकीट असतं. ते काढताना राजवाड्याच्या प्रवेशाची वेळ निवडावी लागते. सकाळी ९ ची वेळ घ्या. राजवाड्याला दीड-दोन तास लागतात, म्हणजे ११ पर्यंत तुम्ही टेरेसवर असाल. दुपारची वेळ घेतली तर दिवसाचे दोन तुकडे होतात आणि त्रियानों हमखास सुटतं.

आमचं स्पष्ट मत विचाराल तर पायांची आणि वेळेची चिंता असणाऱ्यांनी राजवाडा आणि बाग वेगवेगळ्या दिवशी पाहावेत. खोल्या-दालनांतल्या गर्दीत दोन तास उभं राहून मग ७ किलोमीटर चालणं ज्येष्ठांना जड जातं. खालच्या वेळा फक्त बागेसाठी आलेल्यांच्या आहेत. राजवाडा करून येणाऱ्यांनी टप्पा २ मधलं दक्षिण टोक गाळावं.

तयारी ३: गाडी

व्हर्सायला तीन स्टेशनं आहेत आणि तिन्हींच्या नावात व्हर्साय आहे.

‘व्हर्साय शातो रीव्ह गोश’ हे राजवाड्याला सगळ्यात जवळचं, चालत दहा मिनिटं. इथे पॅरिसच्या उपनगरी रेल्वेची आरईआर सी ही लाइन येते. ‘व्हर्साय रीव्ह द्रुआत’ला पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनहून एल लाइन येते. ‘व्हर्साय शाँतिए’ला पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनहून एन लाइन येते आणि आरईआर सीच्या काही गाड्याही. शेवटच्या दोन्हींपासून राजवाडा साधारण २० मिनिटांवर आहे.

नेहमीची चूक आरईआर सीवर होते. ही लाइन पुढे फुटते आणि एकाच फलाटावरून वेगवेगळ्या टोकांना गाड्या जातात. ‘व्हर्साय’ एवढंच वाचून गाडीत चढू नका. फलाटावरच्या बोर्डावर शेवटचं स्टेशन ‘शातो रीव्ह गोश’ आहे का ते पाहा. शाँतिएची गाडी पकडलीत तर फार बिघडत नाही, फक्त दहा-एक मिनिटं जास्त चालावं लागतं. दुसऱ्याच फाट्यावर गेलात तर मात्र सकाळ गेली.

उन्हाळ्यात आरईआर सीचा मध्य पॅरिसमधला भाग दुरुस्तीसाठी बरेचदा बंद असतो. अशा वेळी साँ-लाझारहून एल लाइन घ्यावी. तिलाही फाटे आहेत, पण रीव्ह द्रुआतची गाडी पाहून चढलात की तेच तिचं शेवटचं स्टेशन असल्यामुळे उतरायचं कुठे हा प्रश्न येत नाही.

तिकिटाच्या बाबतीत १ जानेवारी २०२५ पासून पॅरिस परिसरात मेट्रो, ट्रेन आणि आरईआरला एकच तिकीट आहे, अंतर कितीही असो. बस आणि ट्रामचं तिकीट वेगळं, ते ट्रेनला चालत नाही. कार्डावर तिकीट भरणार असाल तर माणशी एक कार्ड घ्या. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही आणि तपासनीस ऐकून घेत नाहीत.

तयारी ४: पायात काय, पाठीवर काय

बागेतले बहुतेक रस्ते रेती-खडीचे आहेत. कोरड्या दिवशी धूळ उडते, पावसानंतर पांढरट चिखल चिकटतो. राजवाड्यासमोरच्या अंगणात ओबडधोबड दगडी फरशी आहे. बंद, जाड तळव्याचे बूट हवेत. चपलांमध्ये खडे शिरतात आणि दर शंभर पावलांवर थांबावं लागतं. बाबागाडी न्यायची तर मोठ्या चाकांची न्या, लहान चाकं खडीत रुततात.

माणशी एक लिटर पाणी, टोपी आणि हलका रेनकोट पुरे. टेरेसवर आणि मधल्या हिरवळीवर सावली अजिबात नाही.

सावधान: मोठी बॅग राजवाड्याच्या सामानघरात ठेवली तर ती घ्यायला बंद व्हायच्या आत तिथेच परत यावं लागतं. मग आमचा उत्तरेकडून बाहेर पडण्याचा बेत फसतो. बॅग मुक्कामी ठेवूनच या.

खाण्याबद्दल: उद्यानात डबा उघडायला मनाई आहे. पार्कमध्ये परवानगी आहे. म्हणजे अपोलोच्या पलीकडे गेल्यावरच.

टप्पा १: टेरेस (सकाळी ९.३० ते १०)

राजवाड्याच्या अंगणात नागमोडी लांबलचक रांग दिसेल. ती राजवाड्यात शिरणाऱ्यांची आहे. बागेसाठी तिच्यात उभं राहू नका. राजवाड्याकडे तोंड करून उभे राहिलात तर डाव्या हाताला बागेकडे जाणारा रस्ता आहे. केवळ बागेचं तिकीट असेल तर थेट तिकडे वळा.

मागच्या बाजूला आलात की दोन मोठे आयताकृती जलाशय लागतात. त्यांच्या काठावर पहुडलेल्या ब्राँझच्या आकृती फ्रान्समधल्या नद्यांच्या आहेत. इथे उभे राहून कालव्याकडे पाहा, पण अंतरावर विश्वास ठेवू नका. कालवा समोरच पसरलेला वाटतो. खरं तर अपोलोचं कारंजंच इथून सुमारे ९०० मीटरवर आहे, कालवा त्याच्या पलीकडे सुरू होतो आणि पुढे १,६७० मीटर जातो. बाग आखणाऱ्या आंद्रे ल नोत्रने लांबचे भाग जवळच्यापेक्षा मोठे ठेवले, त्यामुळे डोळ्यांना सगळं जवळ आल्यासारखं भासतं. ‘त्या टोकापर्यंत जाऊन येऊ’ हा बेत याच भासातून निघतो. तो रद्द करा.

आता सरळ न जाता डावीकडे वळा. फुलांच्या ताटव्यांतून कठड्याशी जा आणि खाली पाहा. ओरांजरीची बाग तिथे आहे, मोठ्या लाकडी पेट्यांतली संत्र्याची नि ताडाची झाडं ओळीने मांडलेली. ही झाडं साधारण मे ते ऑक्टोबर बाहेर असतात, हिवाळ्यात आत नेतात. इथून दोन्ही बाजूंना शंभर-शंभर पायऱ्यांचे जिने खाली उतरतात. वरून दिसतं तेवढं पुरेसं आहे. पायऱ्या उतरण्यात गुडघे खर्चू नका.

टप्पा २: दक्षिणेची कुंजं (१० ते ११.३०)

मध्यरेषेवर परत या आणि लातोनाच्या, म्हणजे पुराणकथेतल्या अपोलोच्या आईच्या, कारंजाकडे उतरा. समोर पायऱ्या आहेत, पण दोन्ही कडांनी वळसा घेत उतरणारे रस्तेही आहेत. बाबागाडी, व्हीलचेअर किंवा दुखरे गुडघे असतील तर कडेच्या उतरणीनेच या. लातोनाचं तोंड कालव्याकडे आहे, म्हणून वरून तिची पाठच दिसते. खाली जाऊन मागे वळलात की संगमरवरी गोल थर, त्यावर अर्धे माणूस अर्धे बेडूक झालेले गावकरी आणि वर लातोना असं सगळं एका चौकटीत येतं. सकाळी राजवाड्याची ही बाजू मात्र सावलीत असते. राजवाड्याचा उजळ फोटो हवा असेल तर तो दुपारनंतरच मिळेल.

लातोनाच्या खाली पोचलात की डावीकडे, म्हणजे दक्षिणेला, झाडीत शिरा. कुंजांना फ्रेंचमध्ये ‘बोस्के’ म्हणतात, पाट्यांवर हाच शब्द शोधा. बाहेरून नुसती कापलेल्या झाडांची उंच भिंत दिसते. आत काय आहे याची काहीच कल्पना येत नाही. दार सापडलं नाही म्हणून लोक पुढे निघून जातात. भिंतीला हात धरून चालल्यासारखे कडेकडेने चाला, जाळीचं फाटक लागतंच.

पहिलं कुंज घ्या ‘साल द बाल’, नृत्याचं कुंज. गोल खड्ड्यासारखी जागा, एका बाजूला हिरवळीच्या पायऱ्या आणि समोर पाण्याच्या पायऱ्या. पाण्याच्या पायऱ्यांच्या दगडांत शिंपले बसवले आहेत, ते आफ्रिकेच्या आणि मादागास्करच्या किनाऱ्यांवरून आणलेले. जवळ जाऊन पाहा, प्रत्येक टप्प्यावर पाणी सरळ न पडता शिंपल्यांच्या कडांवरून तुटत, ठिबकत खाली येतं, आणि त्याचा आवाज कारंजाच्या सळसळीपेक्षा वेगळा, खळखळाटाचा असतो. धबधब्यासारखं पाणी असलेलं हे बागेतलं एकमेव कुंज आहे. गवताच्या पायऱ्यांवर बसून पाचेक मिनिटं घालवा. सकाळच्या फेरीत हे वेळेवर गाठलंत तर अर्धा दिवस सार्थकी लागला.

तपासा, तुम्ही बरोबर बाजूला आहात का? बागेतल्या वाटांच्या चौकांत चार ऋतूंची चार कारंजी आहेत. द्राक्षांच्या राशीत बसलेला बाकस म्हणजे शरद आणि पंखवाला म्हातारा सॅटर्न म्हणजे हिवाळा, हे दोघं दक्षिणेला. फुलांतली फ्लोरा आणि गव्हाच्या पेंढ्यांतली सिरीज उत्तरेला. फोनचा नकाशा झाडीत गोंधळतो, तेव्हा ही खूण कामाची. द्राक्षं दिसली तर ठीक. गहू दिसला तर तुम्ही मध्यरेषा ओलांडून पलीकडे गेलात.

बाकसपासून सॅटर्नच्या दिशेने, उताराने जा. वाटेत डावीकडे आरशाचा तलाव लागतो. पाण्याच्या दिवशी इथली कारंजी संगीताच्या तालावर नाचतात. त्याला लागून राजाची बाग आहे, इतर आखीव भागांपेक्षा मोकळी, फुलांनी भरलेली. हेच ते ‘दक्षिण टोक’. वेळ कमी असेल तर हे गाळून सॅटर्नवरून सरळ कोलोनादकडे जा.

कोलोनाद म्हणजे ३२ संगमरवरी खांबांचं वर्तुळ. खांबांमधल्या बहुतेक कमानींखाली पाण्याचं एकेक ताट आहे. इथे पाहायला दहा मिनिटं पुरतात.

चूक: नकाशावरची पंधराही कुंजं ‘पुरी करायची’ म्हणून भटकणं. वाटा एकमेकींना काटकोनात आणि तिरक्या छेदतात, दोन-तीन चौकांनंतर सगळं सारखं दिसू लागतं. एका बाजूची तीन-चार नीट पाहा.

टप्पा ३: अपोलो आणि कालव्याचं टोक (११.३० ते १२.४५)

कोलोनादमधून बाहेर पडलात की समोर मधली लांब हिरवळ येते, ‘तापी व्हेर’ म्हणजे हिरवा गालिचा. तो ३३५ मीटर लांब आहे. तिचा खालचा शेवट तुम्ही कुंजांतून येत आधीच गाठलेला असतो, म्हणजे उन्हातलं जवळजवळ सगळं अंतर वाचलं.

ती ओलांडून उत्तरेच्या झाडीत एकच कुंज करायचं: आँसेलाद. राक्षस दगडांखाली गाडला गेला आहे, वर फक्त सोनेरी डोकं आणि धडपडणारा हात. पाण्याच्या दिवशी त्याच्या तोंडातून २५ मीटर उंच फवारा सुटतो. वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नका, भिजाल.

तिथून अपोलो दोन मिनिटांवर. सूर्यदेवाचा रथ पाण्यातून बाहेर येतो आहे आणि घोडे राजवाड्याकडे तोंड करून आहेत. सकाळी प्रकाश त्यांच्या तोंडावर असतो, म्हणून फोटो राजवाड्याच्या बाजूने घ्या.

अपोलोच्या मागे दार आहे. ते ओलांडलं की पार्क. बाहेर पडण्याआधी दारावरच्या माणसाला तिकीट दाखवून विचारा, पुन्हा उद्यानात येता येईल ना? तिकिटाच्या दिवशी हे विचारणं गरजेचं आहे, कारण टप्पा ६ मध्ये पुन्हा आत यायचं आहे.

कालव्याच्या टोकाशी खाण्याची ठिकाणं, होड्या, भाड्याच्या सायकली आणि स्वच्छतागृहं आहेत. बागेत स्वच्छतागृहं मोजकीच, तेव्हा गरज नसली तरी इथे जाऊन या. पुढची खात्रीची जागा त्रियानोंत. सायकल घेऊन कालव्याला फेरी मारायचा मोह झाला तर हिशेब करा. पूर्ण परिघ साडेपाच किलोमीटर आहे आणि सायकल उद्यानात किंवा त्रियानोंच्या बागेत नेता येत नाही, इथेच परत आणून द्यावी लागते.

तपासा: घड्याळात बारा वाजायच्या आत त्रियानोंकडे निघू नका. दार १२ लाच उघडतं आणि बाहेर बसायला फारसं काही नाही. जेवून निघा.

टप्पा ४: कालव्यापासून मोठ्या त्रियानोंपर्यंत (१२.४५ ते २)

कालव्याकडे तोंड करून उभे राहिलात तर उजवीकडे, झाडांच्या रांगांमधून जाणारा रस्ता धरा. पाट्यांवर ‘त्रियानों’ लिहिलेलं असतं. अंतर सुमारे १ किलोमीटर, निवांत चालून वीस मिनिटं.

चूक: काठाकाठाने चालत जाणं. कालव्याला आडवा फाटा आहे आणि त्याचं उत्तर टोक त्रियानोंजवळ पोचतं. काठ धरला तर आधी त्या फाट्यापर्यंत, मग फाट्याच्या कडेने, असा मोठा वळसा पडतो. देखावा सुंदर आहे, पण तो पायांच्या हिशेबात बसत नाही.

मोठ्या त्रियानोंत खोल्या भराभर पाहून खांबांच्या मोकळ्या ओवरीत या. गुलाबी संगमरवराच्या खांबांमधून एकीकडे अंगण, दुसरीकडे बाग. बागेत फुलांचे ताटवे आहेत, गर्दी राजवाड्याच्या पासंगालाही पुरत नाही.

टप्पा ५: छोटं त्रियानों आणि राणीचं खेडं (२ ते ४)

मोठ्याकडून छोट्या त्रियानोंला दहा मिनिटं. इथे इमारतीपेक्षा मागची बाग मोठी आहे आणि ती आखीव नाही: वळणावळणाच्या वाटा, ओढा, टेकाडं. म्हणूनच लोक इथे हरवतात. क्रम असा ठेवा. इमारतीतून बाहेर पडून आधी प्रेममंदिराकडे, बेटावरच्या १२ खांबांच्या गोल छत्रीकडे. तिथून पाण्याच्या कडेने खेड्याकडे.

राणीच्या खेड्यात तळ्याभोवती गवती छपरांची घरं आहेत. बहुतेक घरं बाहेरूनच पाहायची. तळ्याला एक पूर्ण फेरी मारा, गोल मनोऱ्याच्या बाजूने सुरू करून. पलीकडे शेतघरात जनावरं आहेत, मुलं असतील तर अर्धा तास धरा.

सावधान: खेडं हे या वाटेचं सगळ्यात लांबचं टोक. पाय दुखू लागले असतील तर ते छोट्या त्रियानोंशीच ओळखा. खेड्याला जाऊन यायचं म्हणजे आणखी किलोमीटरभर. तिथवर पोचून बसून राहिलेल्यांना परत आणायला काही वाहन येत नाही.

थकलात तर

राजवाड्याची उत्तरेकडची टेरेस, छोटं त्रियानों, मोठं त्रियानों आणि कालव्याचं टोक यांना जोडणारी छोटी रबरी चाकांची ‘पेती त्रँ’ फिरते. तिचं भाडं वेगळं, पासपोर्ट तिकिटात ते येत नाही. ती घ्यायचीच असेल तर सकाळी उताराला घेऊ नका. परतीच्या चढासाठी राखून ठेवा. संध्याकाळी शेवटच्या गाड्यांना रांग असते, म्हणून जाताना थांब्यावरची शेवटची वेळ वाचून ठेवा.

बॅटरीवरच्या छोट्या गाड्याही भाड्याने मिळतात. चालवणाऱ्याकडे वाहन परवाना लागतो आणि गाडी ठरलेल्या वाटेबाहेर जात नाही, त्यामुळे कुंजांत तिचा काही उपयोग नाही.

टप्पा ६: परतीची वाट (४ ते ५)

छोट्या त्रियानोंच्या दाराशी परत या. इथून दोन पर्याय आहेत.

पाण्याचा दिवस असेल तर नेपच्यूनकडे चला. दुतर्फा झाडांचा सरळ रस्ता आहे, सव्वा किलोमीटरच्या आसपास. नेपच्यूनच्या कारंजात पाण्याचे ९९ प्रकारचे फवारे आहेत आणि दुपारच्या फेरीचा शेवट तिथेच होतो. तक्त्यातल्या वेळेआधी १५ मिनिटं पोचा आणि समोरच्या गवताच्या उतारावर जागा धरा. उशिरा येणाऱ्यांना डोक्यांच्या रांगाच दिसतात. शेजारी ड्रॅगनचं कारंजं आहे, त्याचा मधला फवारा २७ मीटर चढतो. कार्यक्रम संपला की राजवाड्याकडे वर न जाता ड्रॅगनजवळच्या फाटकातून थेट गावात उतरा. सगळी गर्दी वरच्या दाराकडे वळलेली असते.

पाण्याचा दिवस नसेल तर उद्यानात परत शिरूच नका. त्रियानोंहून पार्कच्या ‘ग्रीय द ला रेन’ फाटकातून बाहेर पडा. समोर बुलवार द ला रेन हा झाडांचा रस्ता सरळ शहरात जातो.

टप्पा ७: स्टेशन

दोन्ही वाटांनी रीव्ह द्रुआत स्टेशन जवळ पडतं, १५ ते २० मिनिटं. सकाळी रीव्ह गोशला उतरलात म्हणून संध्याकाळी तिथेच जाण्याचं कारण नाही. तिथे राजवाड्यातून एकदम सुटलेली गर्दी असते आणि तिकीट यंत्रांसमोर रांगा लागतात. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवलं तर हा प्रश्नच येत नाही, दर एकच असल्यामुळे ते दोन्ही स्टेशनांवर चालतं. रीव्ह द्रुआत हे लाइनचं टोक आहे, तिथून सुटणारी गाडी पॅरिसकडेच जाते. गाडीत बसण्याआधी बुटांतली खडी फलाटावरच झटका.